मेन बंद असताना

आमच्या धंद्यात दोष शोधायची एक सरळ पद्धत आहे. घरात कुठेतरी करंट उतरतोय पण कुठे ते कळत नाही, अशा वेळी सगळ्या भिंती उकरत बसायचं नाही. एक लाइन बंद करायची, थांबायचं, बघायचं. दोष गेला तर तीच. नाही गेला तर ती चालू करून पुढची बंद करायची. बावीस वर्षं मी वायरमन म्हणून हेच करत आलोय आणि या पद्धतीने मला कधी तोंडघशी पाडलं नाही. म्हणून ती मी माझ्या आईवर वापरली.

आमच्या घरात माणसं चार. मी, माझी बायको, आई आणि पाच महिन्यांची ठमी. ठमीचं खरं नाव लांबलचक आणि सुंदर आहे, बायकोने तीन पुस्तकं चाळून काढलंय. पण कार्टी जन्मल्यापासून सगळ्यांकडे अशा ठसक्यात बघते की तिला ठमीच म्हणावं लागतं. बायको शाळेत गणित शिकवते. बाळंतपणाची रजा संपली, ती कामावर जायला लागली आणि ठमी दिवसभर आईच्या मांडीवर राहायला लागली. त्या व्यवस्थेत सगळ्यात खूश होती ती आई. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच तिला सकाळी उठायची घाई असायची.

एके दुपारी ड्रिलचं बिट विसरलो म्हणून मी घरी आलो. आई खुर्चीत झोपली होती. मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं. ठमी मांडीवरून घसरत घसरत पार गुडघ्यापर्यंत आली होती आणि एक पाय खाली लोंबकळत होता. मी हळूच तिला उचललं तशी आई दचकून जागी झाली.

"झोपले नव्हते मी. जरा डोळे मिटले होते," ती म्हणाली.

मी ठमीला तिच्या मांडीवर नीट ठेवलं आणि बिट घेऊन निघालो. बायकोला सांगितलं असतं तर तिने दुसऱ्या दिवशी पाळणाघर शोधलं असतं, आणि तिचं चुकलं असंही म्हणता आलं नसतं. आईला सांगितलं असतं तर ती आतल्या आत मोडली असती. म्हटलं, गाजावाजा नको. दोष काय आहे ते आपणच शोधू. लोकांच्या घरातले शोधतो, आपल्या घरातला सापडणार नाही का?

आईच्या गोळ्यांचा डबा दर रविवारी मीच भरायचो. सात वारांची सात झाकणं असलेला प्लॅस्टिकचा लांबट डबा. रोजच्या पाच गोळ्या, दुपारच्या जेवणानंतर घ्यायच्या. मी पाचही औषधांच्या आतले घडीचे कागद काढून चष्मा लावून वाचले. त्यातल्या एकावर लिहिलं होतं, झोप येऊ शकते, सुस्ती येऊ शकते. ती होती गुलाबी कॅप्सूल.

ही कॅप्सूल डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी सुरू केली होती. बाबा गेले आणि आई दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून होती. जेवायची नाही, केस विंचरायची नाही, हाक मारली तर 'हं' म्हणायची, बस. या कॅप्सूलने ती हळूहळू उठून बसली, स्वयंपाकघरात आली, भांडायलाही लागली. हे मी विसरलो होतो असं नाही. मला वाटलं, ते काम आता झालं. भिंत रंगवून झाली की शिडी काढतात, तसं.

डॉक्टरांना विचारायला हवं होतं, हे आता कुणीही सांगेल. पण मी सल्ला देणारा माणूस आहे, घेणारा नाही. त्या रविवारी मी डब्यात चारच गोळ्या भरल्या. गुलाबी पाकीट माझ्या हत्यारांच्या पेटीत, खालच्या कप्प्यात ठेवलं.

बुधवारी सकाळी आई नळाखाली कप विसळत होती. एकदम हात झटकून मागे सरली. कप फुटला.

"नळाला करंट येतोय रे," ती म्हणाली.

मी तोंडात ब्रश घेऊन टेस्टर आणला. नळाला लावला, पेटला नाही. टाकीच्या पंपाची लाइन बघितली, गीझर बघितला, अर्थिंग मोजलं. सगळं ठणठणीत. हे घर मी स्वतः वायर केलंय, एकेक जोड माझ्या हातचा आहे.

"काही नाहीये आई. पाणी गार लागलं असेल."

"गार लागलेलं कळतं मला," आई म्हणाली.

गुरुवारी फ्रिजला करंट आला. मग दाराच्या कडीला. मग चमच्याला. आईने घरात रबरी चपला घालायला सुरुवात केली, नळ लाकडी डावाने उघडायला लागली. मी जेवताना तिची थट्टा करत होतो. म्हटलं, तुला वीज मंडळात नोकरी लावतो, सुरक्षेचे नियम तुझ्याइतके कुणी पाळत नाही. बायको हसली. आईही हसली, पण हसता हसता तिने मान वळवली आणि डोळे गच्च मिटले.

"आत्ता आला," ती हळूच म्हणाली. "डोक्यातून गेला. झर्रकन. दातापर्यंत."

शुक्रवारी ती म्हणाली की बिछान्यात कूस बदलली तरी येतो. मी म्हटलं, पलंग लाकडाचा आहे. ती म्हणाली, ते मलाही दिसतंय. शेजारच्या माणसाने असं सांगितलं असतं तर मी शांतपणे ऐकून घेतलं असतं. पण माझ्याच घरात, माझ्याच वायरिंगवर, माझीच आई बोट ठेवते म्हटल्यावर माझं डोकं फिरायला लागलं.

शनिवारी मी आईला बैठकीच्या खोलीत मधोमध उभं केलं. बायको ठमीला घेऊन दारात उभी होती. मी मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला.

"आता घरात करंट नाही," मी म्हणालो. "जरासुद्धा नाही. आता बघ."

आईने खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. डोळे इकडून तिकडे फिरले तेवढंच. ती थरथरली आणि तिने खुर्चीची पाठ धरली.

"आला," ती म्हणाली. मला वाईट वाटू नये अशा आवाजात.

आमच्या पद्धतीप्रमाणे उत्तर तिथेच समोर उभं होतं. मेन बंद आहे आणि तरी दोष आहे, म्हणजे दोष घरात नाही. आणि या घरात गेल्या आठवड्यात एकच लाइन बंद झालेली होती, ती कुणी बंद केली होती हेही मला माहीत होतं. तो विचार माझ्या मनात आला. हे मला इथे स्पष्ट सांगायचंय, कारण पुढे त्यावरच सगळं आहे. तो विचार आला, त्या गुलाबी पाकिटासकट आला, आणि मी तो बाजूला सारला. कारण तो खरा असता तर चूक माझी ठरत होती.

त्याऐवजी मी खिशातला टेस्टर काढला, आईचं मनगट पकडायच्याही फंदात न पडता तो सरळ तिच्या हातावर टेकवला आणि टोकावर अंगठा दाबला.

"बघ. पेटतोय का? तुझ्यात करंट असता तर पेटला असता ना? नाही पेटत. सगळे तुझ्या मनाचे खेळ आहेत."

आई त्या न पेटलेल्या टेस्टरकडे बघत राहिली. बायको म्हणाली, "अहो, काय करताय हे?" मी मेन वर केला आणि कामाला निघून गेलो. दिवसभर कुठल्या तरी हॉटेलच्या खोल्यांमध्ये दिवे लावत होतो आणि मनातल्या मनात आईशी भांडत होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी डबा भरला. चारच गोळ्या.

सोमवारी सकाळी बायको शाळेत जायला निघाली आणि ठमीला आईच्या मांडीवर द्यायला गेली, तर आईने दोन्ही हात मागे घेतले.

"मला नको देऊस गं."

"का? बरं वाटत नाहीये का?"

"माझ्या अंगात उतरलाय तो. घरात नाही, माझ्यातच आहे. परवा मेन बंद करून दाखवलंय याने." तिने माझ्याकडे मान केली. त्यात टोमणा नव्हता, घरात करंट नाही हा माझा निष्कर्ष तिला अगदी पटला होता. "इवलंसं पोर आहे. माझ्यामुळे तिला लागलं तर?"

आम्ही दोघांनी समजावलं. बायकोने तर सगळं शास्त्र सांगितलं. आई ऐकत होती, मान डोलावत होती, हात मात्र पदराखाली. शेवटी बायकोने शाळेत फोन करून रजा टाकली. त्या दिवसापासून आई ठमीपासून चार हात लांब बसायला लागली. ठमी तिच्याकडे बघून हात हलवायची आणि आई तिथूनच बोलायची. "काय गं ठमाबाई, काय म्हणता?" ठमी झेपावली की आई उठून आत जायची.

आई ठमीला सांभाळू शकावी म्हणून मी हे सगळं केलं होतं.

"डॉक्टरांकडे नेऊ या," बायको रोज म्हणायची.

"दोन दिवस बघू," मी रोज म्हणायचो. डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार तो औषधांचाच. ते मला ठाऊक होतं. मी ठाऊक नसल्यासारखा वागत होतो, आणि ते मला बऱ्यापैकी जमत होतं.

आमच्या खाली बेकरी आहे. तिचीही वायरिंग माझीच. त्याच्या पुढच्या आठवड्यात बुधवारी मी घरी येत होतो तर बेकरीत एक अनोळखी वायरमन ओव्हनचा बोर्ड उघडून बसला होता. बेकरीवाल्या बाई मला बघून गडबडल्या.

"तसं काही नाही हो," त्या म्हणाल्या. "तुमच्या आई म्हणत होत्या, वर करंट उतरतोय. म्हटलं, एकदा बघून घेतलेलं बरं. तुम्हाला कशाला त्रास."

मी तडक वर आलो आणि चपला न काढता आईसमोर जाऊन उभा राहिलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की बावीस वर्षांत माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं नाही आणि माझ्या आईने ते दोन आठवड्यांत करून दाखवलं, असं मी म्हणालो. आवाज इतका चढला की आतल्या खोलीत ठमी रडायला लागली.

"चुकलं माझं," आई म्हणाली. "मी सांगते बाईंना. उद्याच सांगते, माझंच डोकं ठिकाणावर नाही म्हणून."

आणि मी, हे सगळं माझ्यामुळे होतंय असा संशय मनात असलेला मी, म्हणालो, "सांग."

गुरुवारी सकाळी ठमीचे थेंब संपले म्हणून औषधांच्या दुकानात गेलो. तिथला औषधवाला आमच्या घराला वर्षानुवर्षं ओळखतो. कुणाला कशाचा त्रास आहे ते आमच्याआधी त्याला कळतं. त्याने थेंबांची बाटली कागदात गुंडाळली आणि सहज विचारलं, "आईंच्या गुलाबी कॅप्सूल नाही नेल्या या महिन्यात? एव्हाना संपल्या असतील."

"आहेत पडून," मी म्हणालो. "बंद केल्यात सध्या."

"डॉक्टरांनी?"

मी बाटली खिशात घातली.

त्याने हातातली कात्री खाली ठेवली. "एकदम बंद केल्या? हळूहळू कमी न करता?" मग थोडं पुढे झुकून म्हणाला, "त्यांना करंट लागल्यासारखं होतं का? डोक्यात? मान वळवली, डोळे फिरवले की?"

मी त्याला अवाक्षर सांगितलं नव्हतं. तोंडात मारल्यासारखा उभा राहिलो.

त्यानेच डॉक्टरांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. डॉक्टर आधी शांतपणे ऐकत होत्या. हे औषध असं एका दिवसात तोडायचं नसतं, शरीराला त्याची सवय झालेली असते, मग असे झटके येतात, हे खरे असतात, पेशंट नाटक करत नसतो, असं त्यांनी सांगितलं. आजपासून पूर्वीसारखीच सुरू करा आणि उद्या त्यांना घेऊन या, झोपेचं काय ते मी बघते, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

"वायरमन आहे."

"मग कुणी न विचारता तुमच्या बोर्डातली वायर ओढली तर चालेल तुम्हाला?"

मी 'नाही' म्हणालो आणि फोन परत दिला.

घराकडे चालताना माझ्या मनात जे चाललं होतं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी हिशेब मांडत होतो, की कॅप्सूल गुपचूप डब्यात टाकली तर दोनचार दिवसांत आई बरी होईल. ठमीला घेईल. डॉक्टरांना बायको भेटायच्या आत मीच भेटून, तिला काही सांगू नका म्हणून गयावया करीन. झटके आले तसे गेले, म्हातारपणात होतं असं कधीकधी. दोष दुरुस्त आणि कुणाला पत्ता नाही. घरी आलो, हत्यारांच्या पेटीतून पाकीट काढलं, आणि आई अंघोळीला गेलेली बघून गुरुवारचं झाकण उघडून एक गुलाबी कॅप्सूल आत टाकली.

दुपारी जेवण झालं. बायको आत ठमीला झोपवत होती. आईने डबा पुढे ओढला, गुरुवारचं झाकण उघडून गोळ्या तळहातावर घेतल्या आणि थांबली.

"ही गुलाबी परत सुरू झाली का?"

माझ्या हातातला पेला तसाच राहिला. "तुला ती बंद झालेली माहीत होती?"

"न कळायला काय झालं? तीन वर्षं रोज घेतेय. पहिल्याच दिवशी दिसलं, नाही म्हणून."

"मग विचारलं नाहीस?"

"काय विचारायचं? तू भरतोस डबा. म्हटलं, डॉक्टरांना विचारूनच काढली असशील." तिने कॅप्सूल दोन बोटांत धरून उजेडात बघितली. "आता परत घ्यायला सांगितलीये का त्यांनी?"

'हो' म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं. सकाळीच सांगितलं होतं डॉक्टरांनी. एका अक्षरात सगळं मिटत होतं आणि आई पाण्याचा घोट घेऊन उठून गेली असती.

"डॉक्टरांनी काढली नव्हती," मी म्हणालो. "मी काढली. त्यांना विचारलं नाही, कुणालाच विचारलं नाही. तू ठमीला घेऊन झोपली होतीस त्या दिवशी, ती घसरत होती. मला वाटलं, या गोळीने झोप येते. म्हणून मी काढून बघितली. तुला जे झटके येतात ना, ते त्याच्यामुळे. ते खरे आहेत. तुझ्या मनाचं काही नाही. माझ्यामुळे येतात ते."

आईने कॅप्सूल परत तळहातावर ठेवली. मग तिच्या चेहऱ्यावर मला कधीच अपेक्षित नव्हतं असं काहीतरी आलं. तिला हायसं वाटलं होतं.

"म्हणजे वायरिंग बरोबर आहे तुझी?" तिने विचारलं. "मी उगाच बाईंना बोलले. रोज मला खात होतं ते, की पोराच्या कामाला आपण बट्टा लावला."

मला वाटलं होतं ती रडेल, चिडेल, निदान 'मला सांगायचं होतंस' एवढं तरी म्हणेल. त्या सगळ्याची मी तयारी केली होती. याची नव्हती. मला तिच्याकडे बघवेना, मी ताटातल्या खरकट्याकडे बघत बसलो.

आईने कॅप्सूल तोंडात टाकली, पाणी प्यायली. पेला खाली ठेवला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "त्या दिवशी मेन बंद करून टेस्टर लावलास मला. तेव्हा तुझ्या डोक्यात आलं होतं का, गोळीचं?"

आईने आयुष्यात विचारलेला हा सगळ्यात हळू आवाजातला प्रश्न असेल. ती माझ्याकडे बघत होती. तिला 'नाही' ऐकायचं होतं, हेही मला दिसत होतं.

"आलं होतं," मी म्हणालो.

तिने मान हलवली. तिचा चेहरा बदलला नाही, फक्त ती थोडी मागे टेकून बसली. बोटांवर काहीतरी मोजलं.

"अकरा दिवस झाले," ती म्हणाली, "मी तिला घेतलं नाही."

मी उठलो, आत गेलो. ठमी अजून जागीच होती. बायकोला म्हटलं, दे जरा, आणि नंतर तुलाही एक सांगायचंय. ठमीला आणून मी आईच्या मांडीवर ठेवलं. ठमीने लगेच तिच्या पदराचा काठ मुठीत पकडला. आईचे दोन्ही हात मात्र वर हवेतच राहिले, टेकवायचे की नाही ते न कळून.

"लागणार नाही ना हिला?"

"नाही लागणार, आई. कुणालाच लागत नाही. तुझं तुलाच आतून जाणवतं फक्त."

"नक्की?"

गिऱ्हाइकांना मी दिवसातून दहा वेळा 'नक्की' म्हणतो. त्या दिवशी तो शब्द तोंडातून निघेना. आईने ते बघितलं. तिने एक हात ठमीवरून बाजूला काढला आणि माझ्यासमोर धरला.

"आधी तू धर," ती म्हणाली. "लागायचा तर तुला लागू दे."

मी खाली बसून तिचा हात हातात घेतला. तो गार होता, आणि मला वाटलं होतं त्याहून बराच हलका. इतक्या दिवसांत मी त्या हाताला टेस्टर लावला होता, पण एकदाही तो हातात घेतला नव्हता.

"काही लागतंय?" आईने विचारलं.

मी 'नाही' म्हणून मान हलवली. तेव्हा कुठे तिने दुसरा हात ठमीच्या पाठीवर ठेवला. माझ्या हातातला मात्र तिने लगेच सोडवून घेतला, आणि मला तो धरून ठेवायचा धीर झाला नाही.